खोडलेली फेरी

आमच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर फेऱ्या यंत्र मोजत नसे, माणसं मोजत. प्रत्येक गाडीला एक मोजणारा. आपली गाडी पांढऱ्या रेघेवरून गेली की कागदावर एक उभी रेघ ओढायची. नियम एकच: आपल्या गाडीवरून नजर हलवायची नाही. बाकीचं जग बुडालं तरी चालेल. बहुतेकांच्या बायका किंवा बहिणी मोजायला बसत. हार्लन टीगची बायको लोरीन शर्यत बघूच शकत नसे, डोळे मिटून घ्यायची. म्हणून त्याची गाडी मी मोजायचो.

मी गावच्या वाचनालयात होतो. मला गाडीतलं काही कळत नसे. हार्लन शनिवारी काउबॉयच्या कादंबऱ्या न्यायला यायचा. एकदा म्हणाला, "वेंडेल, तू पुस्तकं मोजतोस तशी माझी गाडी मोज. तुझी एकही वस्तू कधी हरवत नाही."

एकोणीस वर्षं मोजली. हार्लन एकदाही जिंकला नाही. जिंकणाऱ्याचं नाव बाकड्यांच्या मागच्या पांढऱ्या फळ्यांवर रंगवत. त्याला तिथं नाव हवं होतं, बस. बक्षिसाचं त्याला काही नव्हतं.

सतराव्या वर्षीची शेवटची शर्यत शंभर फेऱ्यांची होती. रविवारची दुपार, तांबडी माती इतकी उडत होती की शेंगदाण्यांच्या पुडीतही गेली होती. साठाव्या फेरीच्या सुमाराला दोन गाड्या भिंतीला धडकल्या आणि पिवळा झेंडा निघाला. सगळे उभे राहून ती धडक बघत होते. मी हार्लनची गाडी बघत होतो. ती रेघेवरून गेली. मी एकसष्टावी रेघ ओढली.

पिवळा झेंडा असला की गाड्या हळू चालतात आणि सगळ्यांचे आकडे जुळवतात. मोजणाऱ्यांचा मुख्य बर्ल ओरडला, "कर्टिस पोव?"

"साठ," कर्टिसची बहीण वांडा म्हणाली. ती माझ्या शेजारीच बसली होती.

"हार्लन?"

"एकसष्ट," मी म्हणालो.

बर्ल हसला. "ए प्रोफेसर, खाली बघ. कर्टिस पुढं आहे, तुझा हार्लन त्याच्या शेपटीला. मागच्याच्या फेऱ्या जास्त कशा? डुलकी लागून दोनदा ओढलीस का?"

सगळे हसले. मला शर्यतीतलं काय कळणार? मी वांडाकडं पाहिलं. ती आपल्या कागदावरची धूळ पुसत होती. मला वाटलं, खरंच दोनदा ओढली असेल. मी खोडरबर काढलं.

हार्लन दुसरा आला, एका बंपरच्या अंतरानं. शर्यत संपल्यावर तो माती भरलेल्या पापण्यांनी जिना चढून वर आला.

"मला वाटलं, धडक झाली तेव्हा कर्टिस टायर बदलायला ट्रॅक सोडून आत गेला होता. धुळीत नीट दिसलं नाही. तुझा कागद काय म्हणतो?"

"बाकीचे म्हणतात तेच."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थाप मारून खाली गेला. पुढं दोन वर्षांनी त्याची पाठ गेली. पुन्हा गाडीत बसला नाही.

गेल्या मंगळवारी हार्लन वारला. बुधवारी वांडा माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"कर्टिस आत गेला होता," ती म्हणाली. "एक पूर्ण फेरी चुकली त्याची. मी सांगितलेले साठ खरे होते. मला वाटलं, तू तुझ्या आकड्यावर ठाम राहशील. तू खोडरबर काढलंस आणि मग माझं तोंड उघडेना. भाऊ होता माझा."

म्हणजे शंभर फेऱ्यांच्या शर्यतीत हार्लनच्या एकशे एक झाल्या होत्या, आणि तो दुसरा आला.

आमच्याकडं ट्रॅकवरचा माणूस गेला की दफनाआधी त्याची शवगाडी एक फेरी मारते. आज दुपारी सगळे कुंपणाला टोप्या काढून उभे होते. मी लोरीनला मोजणीच्या बाकड्याकडं नेलं आणि तो जुना कागद दिला. कागद मी टाकत नाही. सगळं सांगितलं. मधे दोनदा अडखळलो.

ती खोडलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिली. पेन्सिलीचा खळगा अजून लागत होता.

"तो दरवर्षी एकदा तरी विषय काढायचा," ती म्हणाली. "आणि मग स्वतःच म्हणायचा, नाही, वेंडेलनं मोजलंय."

मला वाटलं, ती रडेल किंवा शिव्या देईल. तिनं कागद माझ्या हातात परत दिला.

"त्या फळ्या तर मागच्या वर्षी वादळात गेल्या. आता कुठं रंगवणार?" ती म्हणाली. "बस खाली. गाडी येतेय. या खेपेला नीट मोज."

ती शेजारी बसली. डोळे मिटले नाहीत तिनं.

काळी गाडी हळूहळू वळणावरून आली. मी दुसरीकडं कुठंही पाहिलं नाही. ती पांढऱ्या रेघेवरून गेली तेव्हा मी त्या खळग्यात रेघ ओढली. मग एकच ओढली ना, म्हणून पुन्हा वाकून पाहिलं.