हरिहर सरांनी फिरवलेला हात

हरिहर आगाशे सरांच्या चित्रकलेच्या वर्गात एका फ्रेंच बंदराचं चित्र लावलेलं होतं. बोटीवर नोकरीला असलेल्या चुलतभावाने आणलेल्या कॅलेंडरातून कापून सरांनीच ते फ्रेम करून घेतलेलं. चित्र सव्वाशे वर्षांपूर्वीचं. सकाळचं धुकं, ओला उजेड, आणि होड्या म्हणाल तर दोन-दोन फटकाऱ्यांत उरकलेल्या. 'हा माणूस वेळेवर थांबला,' हे सर भारावून सांगायचे आणि मागच्या बाकांवर जांभया सुरू व्हायच्या. चोवीस वर्षं हे असंच चाललं होतं.

एकटी सावनी लिमये मनापासून ऐकायची. २००१ साली ती दहावीत होती. तिच्या वडिलांनी, कारकुनी करणाऱ्या लिमयांनी, स्वच्छ सांगून टाकलं होतं, की मुंबईच्या स्पर्धेत चित्र निवडलं गेलं तर खुशाल चित्रकलेला जा, नाहीतर निमूटपणे कॉमर्स.

जानेवारीत चार सकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसून सावनीने जलरंगात चित्र केलं आणि सरांकडे ठेवायला दिलं. दुसऱ्या दिवशी पाठवायची शेवटची तारीख होती. ती गेल्यावर सरांनी ते टेबलावर पसरलं. अर्धा कागद कोराच सोडलेला, आणि त्या कोऱ्यातच मांडवीची सगळी ओली हवा. हाच धक्का सरांनी आयुष्यभर रंगवला होता. असा एकदाही जमला नव्हता.

बाहेर जाणाऱ्या चित्रावर मास्तरांनी जरा हात फिरवायचा, ही शाळाशाळांतून चालत आलेली रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरांनी चित्रातल्या होडीला एक दोरी तेवढी रेखली. दोरीला डोलकाठी हवी झाली. मग जाळी, फळ्या, मागे किल्ला, आणि कोऱ्या जागेत जाड पांढरा रंग. हात थांबेचना.

वर्ग बंद करायला आलेला शिपाई गंगाराम कौतुकाने म्हणाला, "आता कशी होडी होडीवानी दिसते, सर."

सरांना बरं वाटलं.

सकाळी सावनी खाकी कागद आणि सुतळी घेऊन आली. टेबलावरचं चित्र बघून ती थबकली.

"जरा हात फिरवला," सर म्हणाले. "परीक्षकांना नीट कळायला नको?"

सावनीने सुतळी टेबलावर ठेवली. ती रडली असती तर सरांना समजूत तरी घालता आली असती.

"सर, तुम्हाला आवडलं नव्हतं का?"

नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण खोटं बोलायचं बळ सरांना आणता आलं नाही.

"आवडलं होतं," ते म्हणाले. "फार आवडलं होतं, सावनी. तेच सहन झालं नाही मला."

तिने कंपासमधून खोडरबर काढला, कोपऱ्यातलं पेन्सिलीने लिहिलेलं आपलं नाव सावकाश खोडलं आणि वरचा चुरा फुंकरीने उडवला.

"ह्यावर आता तुमचं नाव घाला, सर."

लिमये फाटकाशी स्कूटर सुरू ठेवूनच थांबले होते. सावनी रिकाम्या हाताने त्यांच्याजवळ गेली आणि काहीतरी बोलली. लिमयांनी एकदा शाळेकडे पाहिलं. मग ती मागे बसली आणि स्कूटर पोस्टाकडे न जाता घराकडे वळली.