सहा बरोबर दोन

अनिरुद्ध सरांच्या घाटकोपरच्या क्लासात एक रानटी रीत होती. शनिवारी दोन्ही बॅच एकत्र बसायच्या. स्पेशल बॅचमधल्या कुणाला तरी सर फळ्यावर बोलवत. तो चुकला, की साध्या बॅचमधून जो चूक पकडेल त्याला त्याची खुर्ची, आणि चुकलेला मागे, साध्या बॅचच्या बाकांवर. पालकांना ही रीत फार आवडे. म्हणजे ज्यांची मुलं अजून मागे गेली नव्हती त्यांना.

ऋतिकाला ती खुर्ची हवीच होती. पोरगी स्पेशलमध्ये जाणार, असं तिचे बाबा दत्ताराम विक्रोळीच्या अख्ख्या चाळीला सांगून बसले होते.

स्पेशलमधली तिची मैत्रीण गार्गी डेंग्यूने आडवी झाली आणि लॉगॅरिदमचे सगळे तास तिचे बुडाले. आजारातून उठलेल्याला सर पहिल्याच शनिवारी फळ्यावर उभं करत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गार्गीने गयावया केली, तेव्हा ऋतिकाने जिन्यात बसून तिला शिकवलं. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, भागाकाराचा म्हणजे वजाबाकी, घातांक खाली उतरून पुढे येतो. सगळं खरं. मग त्याच गोड आवाजात म्हणाली, "आणि बेरजेचा लॉगपण असाच सुटा होतो." गार्गीने मान डोलावली. मैत्रिणीचं कोण पुस्तकात पडताळून बघतं?

शनिवारी फळ्यावर गणित आलं: एक्स अधिक सहा या बेरजेचा लॉग बरोबर एक्सचा लॉग अधिक दोनचा लॉग. गार्गीने डावी बाजू फोडली, दोन्हीकडचा एक्सचा लॉग उडवला आणि खडू हातात धरून उरलेल्याकडे बघत राहिली. सर म्हणाले, सहा बरोबर दोन, वा. वर्ग खिदळला.

ऋतिकाचा हात वर होता. "बेरजेचा लॉग सुटा होत नाही सर. एक्स अधिक सहा बरोबर दोन एक्स. उत्तर सहा."

हा शहाणपणा कुणी शिकवला, असं सरांनी गार्गीला विचारलं. ऋतिकाने वहीत मान घातली. गार्गी म्हणाली, माझंच चुकलं.

क्लास सुटल्यावर ती डोळे पुसत ऋतिकापाशी आली. "सॉरी यार. तू नीट सांगितलं असणार, तापात माझ्याच डोक्यात उलटं बसलं. आता बाबा मला फाडून खातील."

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ऋतिकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं गं असं," ती म्हणाली. "मागच्या बाकावर तरी नीट लक्ष दे."