टिकणारे तोडे

जितेशभाईंनी काचेच्या काउंटरवर तोड्यांच्या तीन जोड्या मांडल्या आणि मृणालिनीनं मागे वळून दाराकडे एकदा पाहून घेतलं. तिन्ही पिवळ्याधमक, तिन्ही खोट्या, आणि त्यांतली एक परवा तिच्या भाचीच्या, मिनलच्या हातात खरी म्हणून जायची होती.

भाईंदर पूर्वेला इमिटेशनची दुकानं पायलीला पन्नास. तिच्या बिल्डिंगखालीच दोन होती. पण तिथला दुकानदार दशरथला ओळखायचा, आणि बायको काय घेऊन गेली हे नवऱ्याला जिन्यात सांगितल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे. म्हणून ती ओढणी तोंडाशी धरून फाटकापलीकडच्या गल्लीत आली होती. वय पन्नाशीला टेकलेलं, आणि चाल मात्र कॉलेज बुडवून सिनेमाला निघालेल्या पोरीची.

तोडे सासूबाईंचे होते. तीन वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारपणात, सासूबाईंनी ते मृणालिनीच्या हवाली केले आणि सांगितलं, मिनलच्या लग्नात तिच्या हातात घाल. मिनल म्हणजे लेकीची लेक, म्हातारीचा जीव की प्राण. तेरावा झाला तशी तिची आई, म्हणजे विमलवन्सं, तोडे मागायला आल्या. मृणालिनीला ते लागलं. सासूबाईंचं सगळं मी केलं आणि आता दोन तोड्यांपुरता माझ्यावर विश्वास नाही का, असं तिनं चारचौघांत विचारलं आणि लग्नातच देईन म्हणून ठणकावलं. तेव्हापासून विमलवन्सं प्रत्येक कार्यात, येता-जाता, तोडे आहेत ना गं, असं हसत विचारायच्या. हसत विचारलेलं जास्त झोंबतं.

आणि मग लग्न ठरलं आणि मृणालिनीनं हात दाखवून अवलक्षण केलं. तोडे काळवंडलेत असं कुणी म्हणालं नव्हतं. पण विमलवन्संना नाव ठेवायला जागा उरू नये म्हणून तिला ते लख्ख करून द्यायचे होते. नेमके त्याच आठवड्यात भरदुपारी पॉलिशवाले दारात आले. दोघं होते, बोलायला गोड. आधी पितळेची समई आरशासारखी करून दाखवली. मग एका डब्यात पाणी आणि हळद घालून त्यात तोडे सोडले, झाकण घट्ट लावलं आणि डबा तिच्याच हातात दिला. गॅसवर ठेवा ताई, उकळी आली की निवू द्या, मगच उघडा, असं सांगून ते समईचे पैसेसुद्धा न घेता गेले. केमिकल म्हणाले असते तर तिनं त्यांना उंबऱ्यातही उभं केलं नसतं. पण हळद! देवाला चालते, जखमेला चालते, नवरीला चालते, तिच्यावर कोण संशय घेणार? ती डब्यासमोर पाटावर बसून राहिली. निवल्यावर उघडला. आत हळदीचं पाणी होतं आणि दुसरं काहीही नव्हतं.

तिनं ते पाणी चाळणीतून गाळून पाहिलं. माणूस असंच करतो.

असल्या चोरांचा इशारा सोसायटीच्या ग्रुपवर आला होता आणि दशरथनं तिला तो मोठ्यानं वाचूनही दाखवला होता. एवढ्या मूर्ख बायका असतात तरी कुठं, असं त्यावर ती म्हणाली होती. आता कुठल्या तोंडानं सांगणार? पोलिसांत गेलं तर दशरथला कळणार, दशरथला कळलं की त्याच्या बहिणीला कळणार, आणि विमलवन्सं चोराची गोष्ट ऐकून घेतील पण विश्वास ठेवणार नाहीत. मृणालिनीनं तोडे गिळले आणि वर कथा रचली, हेच सगळे नातेवाईक धरून चालतील. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. जेवताना घास फिरायचा, आणि दशरथ म्हणायचा, लग्न भाचीचं आणि वाळतेयस तू.

“भाभी, एक दिन पहनना है का रोज?” जितेशभाईंनी विचारलं.

“कायमचं,” ती म्हणाली. “आणि कुणाला कळता कामा नये.”

जितेशभाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असं गिऱ्हाईक त्यांना नवं नसावं. त्यांनी पहिली जोडी पुढे सरकवली. ही वन ग्राम. पितळेवर सोन्याचं पाणी, रंग जरा लालसर, सहा महिन्यांची गॅरंटी. घाम, अत्तर लागलं की काळी पडणार. दुसरी मायक्रो, मुलामाच, पण थोडा जाड. हिचं काम बघा म्हणाले, एकेक दाणा मोजून घ्या, फोटोत तर खऱ्यापेक्षा खरी दिसेल. मृणालिनीला ती पाहताक्षणी आवडली. मोबाईलमधल्या फोटोत सासूबाईंच्या मनगटावर होती तश्शीच नक्षी. पण हातात घेतली तर फूल उचलल्यासारखी हलकी, आणि वर जितेशभाई म्हणाले, पाण्यापासून जपायची. विमलवन्संना ती ओळखून होती. दागिना हातात आला की आधी रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशनं घासल्याशिवाय त्या तो अंगाला लावत नसत.

“और ये फॉर्मिंग,” तिसरी जोडी तिच्या तळहातावर ठेवत ते म्हणाले. “अंदर तांबा, ऊपर सोन्याचा पत्रा. पाणी नाय, पत्रा. धुवा, घासा, रोज वापरा. ऊपर से तो सोनाच आहे भाभी, सोनार पण नुसता बघून नाय बोलणार.”

“मग कधी कळतं?”

“कापला की. नाय तर नाय कळत. दहा साल, पंधरा साल.”

या जोडीचं नक्षीकाम जरा ढोबळ होतं, पण वजन भरलं. सासूबाईंचे तोडे आतून पोकळ, लाख भरलेले, त्यामुळे हाताला एवढेच लागायचे. मृणालिनीनं एकदा मायक्रो उचलली, एकदा फॉर्मिंग. सुंदर दिसणारी घ्यावी की टिकणारी? नक्षीचं कुणी विचारलं तर पॉलिशमध्ये झिजली म्हणता येईल. काळं पडलं तर काय म्हणणार? स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघतानाही तिनं एवढा विचार केला नव्हता. शेवटी डोळे मिटून मनातल्या मनात सासूबाईंची माफी मागितली आणि फॉर्मिंगवर बोट ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी काशीमीऱ्याला विमलवन्संच्या घरी चुडा भरायचा होता. कासार येऊन बसला होता, बायका जमल्या होत्या, दशरथ बाहेर पुरुषमंडळींत बसला होता. मृणालिनीनं सासूबाईंच्याच जुन्या मखमली डबीतून तोडे काढून दिले. विमलवन्संनी ते तळहातावर जोखले आणि ठरल्यासारख्या मोरीकडे गेल्या. रिठे रात्रीच भिजवून ठेवले होते. मृणालिनी दारात उभी राहून बघत होती. ब्रश फिरत होता, फेस येत होता, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला फेसात तांबूस झाक दिसू लागली. तिनं चौकट धरली. विमलवन्संनी तोडे स्वच्छ पाण्यातून काढले, पदरानं पुसले आणि उजेडात धरले. तोडे लखलखत होते.

विमलवन्संचे डोळे भरून आले. त्या मृणालिनीजवळ आल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

“मृणाल, मला वाटायचं तू मोडून खाल्लेस. देवाशपथ वाटायचं. चुकलं माझं.”

मृणालिनीनं मान खाली घातली. एवढी वर्षं तिला हेच ऐकायचं होतं, आणि आज ते कानांत उकळतं तेल ओतल्यासारखं गेलं. सुटले, असं एका क्षणी वाटलं आणि पुढच्याच क्षणी आपली आपल्याला किळस आली.

चुडा भरून झाला. हिरव्या बांगड्यांच्या पुढे तोडे मामीनंच चढवायचे, असा विमलवन्संनी हुकूम सोडला आणि मिनलनं तिला आतल्या खोलीत नेऊन कडी लावली. पलंगावर आहेराच्या साड्या पडल्या होत्या, त्या सारून दोघी बसल्या. मिनलनं हात पुढे केले. मृणालिनीनं फिरकी उघडली, तोडा मनगटावर बसवला, फिरकी आवळली. दुसराही बसवला. मिनल हात वळवून वळवून बघत राहिली.

ती बोलू लागली ती स्वतःशीच बोलल्यासारखी. सासर पेणला, घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. स्वप्नील स्वभावानं बरा होता, पण घरात शब्द सासऱ्यांचा. नोकरी सोड म्हणाले, तिनं सोडली. पगाराचं खातं तसंच पडून राहणार. उद्यापासून भाजीला गेलं तरी कुणाकडे तरी हात पसरायचा. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं, आई म्हणाली असती सगळ्यांचं असंच असतं.

“आजीनं मला सांगून ठेवलंय,” मिनल म्हणाली. “हे तोडे मिरवायला नाहीत. कधी तिथून निघायची वेळ आली, तर कुणाला विचारायचं नाही, सरळ सोनाराकडे जायचं आणि मोडायचे. म्हणून मी हो म्हटलं मामी. हे आहेत म्हणून मला भीती नाही वाटत.”

मृणालिनीला जितेशभाईंचं काउंटर आठवलं.

ती लाल झाक मारणारी वन ग्रामची जोडी घेतली असती तर सहा महिन्यांत काळी पडली असती. बोभाटा झाला असता, मृणालिनीची छी थू झाली असती, पण पोरगी सावध तर झाली असती. तिनं मात्र तीन जोड्यांतून निवडून निवडून तीच घेतली होती जी मिनलला सगळ्यांत जास्त दिवस फसवेल. दहा साल, पंधरा साल. मग एखाद्या दिवशी ही पोर एका पिशवीत कपडे भरून, कदाचित कडेवर लेकरू घेऊन, पेणच्या सोनारासमोर उभी राहील. सोनार तोडा कापेल आणि आतला तांबा तिच्यापुढे धरेल. त्या वेळी मागे फिरायचं म्हटलं तर तिला कुठलं दार उघडं असेल? मृणालिनीला आपली लाज तेवढी दिसत होती. दुसऱ्याचा जीव त्या डबीत आहे हे तिला आत्ता कळत होतं.

बाहेर बायका हसत होत्या. कुणीतरी मिनलला हाक मारली.

“मिनल, हे मोडू नकोस,” मृणालिनी म्हणाली. “यातून काही मिळणार नाही. हे खोटे आहेत.”

मग तिनं सगळं सांगितलं. दुपार, पॉलिशवाले, हळदीचा डबा, जितेशभाईंचं दुकान. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. मिनल ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. शेवटी तिनं एवढंच विचारलं की मामाला ठाऊक आहे का. नाही, म्हणाली मृणालिनी. आईला? नाही.

मिनलनं फिरकीला हात लावला, पण उघडली नाही.

“मग मी कुठं जाऊ मामी? तशी वेळ आली तर?”

“माझ्याकडे ये. मध्यरात्री ये, न सांगता ये. मामा काय म्हणतील ते मी बघेन.”

“आत्ता खोलीत म्हणतेयस,” मिनल म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मृणालिनीच्या काळजात शिरलं. “आत्तापर्यंत सगळं खोलीतच झालंय. आईसमोर म्हण. हे कसले तोडे आहेत ते सांग, आणि मग मी परत आले तर तुझ्या घरी येईन हेही सांग. तिला आजच कळू दे. नाहीतर उद्या तीही मला परत पाठवेल.”

मृणालिनी पलंगावरून उठली. बाहेर विमलवन्संचा आवाज ऐकू येत होता. त्या कासाराला सांगत होत्या की माझ्या भावजयीनं बघा, आईचा दागिना डोळ्यांत तेल घालून सांभाळला. आता गेली तर तीन वर्षांनी मिळालेला हा एक चांगला शब्दही तिच्याच हातानं पुसला जाणार होता. तिनं मागे वळून पाहिलं. मिनल तोडे घातलेले हात मांडीवर ठेवून तिच्याकडेच बघत होती.

तिनं कडी काढली.

“वन्सं, जरा आत या,” ती म्हणाली. “आणि यांनाही बोलवा.”

विमलवन्सं हसतच उठल्या.