अप्पांचे सोमवार

भुजंगनं डोक्यावरची घागर गंगम्माच्या ओट्यावर टेकवली. घागरीच्या तोंडावर बांधलेलं ओलं फडकं त्यानं तसंच राहू दिलं. आत काहीतरी फडफडलं. दोन मैल उन्हातून आलेला माणूस आधी प्यायला पाणी मागतो. यानं मागितलं ते दुसऱ्यासाठी.

"अक्का, तुमच्या आडाला पाणी हाय न्हवं अजून?"

"हाय पुरुषभर. तुला कशाला?"

"दोन मासे सोडायचेत."

गंगम्मा निवडायचं सूप बाजूला ठेवून उभी राहिली. लिंगायताचं घर, रोजच्या लिंगपूजेचं पाणी ज्या आडातून निघतं तो आड, आणि त्यात मासे!

तहसिलीच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिल्याला वर्षही झालं नव्हतं. जिल्हा नवा आला, दुष्काळ मात्र जुनाच राहिला. गावाबाहेरच्या तळ्याचं चार म्हशी लोळतील एवढं डबकं उरलं होतं आणि सकाळपासून अर्धा गाव टोपल्या घेऊन त्यात उतरला होता. त्या झुंबडीतून भुजंगनं हे दोन वीतभर रोहू वाचवून आणले होते. त्याची स्वतःची विहीर होळीलाच कोरडी पडली होती.

"डासाची अंडी खातात ते. पाणी चांगलं राहतंय," तो म्हणाला. ही थाप नव्हती, पण खरं कारणही नव्हतं.

गंगम्माचा नवरा, कापडवाले चन्नबसप्पा, जाऊन आठ महिने झाले होते. भुजंगला गळ टाकायला शिकवलं ते त्यांनी. अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणाऱ्या अप्पांनी! तरुणपणी देगलूरकडं कापडाचे गठ्ठे घेऊन जाताना एका तेलंगी भोयाकडून त्यांनी ही विद्या उचलली होती. गांडूळ लावायचं नाही, ज्वारीच्या पिठाची गोळी लावायची. मासा लागला की अलगद सोडवायचा, त्याला "शाबास" म्हणायचं आणि पाण्यात ठेवायचा. वीस वर्षं दर सोमवारी हे चाललं, आणि "मी मेलो तरी घरात सांगायचं न्हाई" असं त्यांनी भुजंगकडून कबूल करून घेतलं होतं. भुजंगला त्यांची आठवण फार यायची. ती कुणाजवळ काढता येत नव्हती, हे जास्त जाचायचं.

"भुजंगा," गंगम्मा म्हणाली, "सोमवारी ते कुठं जायचे?"

तो फडक्याकडं बघत राहिला.

"देवळात जातो म्हणायचे. पण घरी येऊन सदरा काढला की मला दिसायचं, गळ्यातलं लिंग पाठीवर फिरवलेलं. देवाला पाठीमागं टाकून माणूस काय करायला जातो, मला कळत न्हाई व्हय? तिचं नाव सांग, मग सोड मासे. न्हाईतर घागर उचल."

घागरीतली फडफड मंदावली होती. वचन पाळावं तर अप्पा बदनाम, मोडावं तर आपण बेइमान. भुजंगला आधी हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले.

"बाई न्हाई, अक्का. मासे! गळ टाकायच्या आधी लिंग पाठीवर फिरवायचे. म्हणायचे, देवानं कशाला बघायचं हे. एकबी खाल्ला न्हाई कधी. समदे सोडले."

गंगम्मा हळूच खाली बसली. सुपातल्या डाळीवरून तिचा हात नुसताच फिरत राहिला.

"मला सांगितलं असतं तर चार दिवस भांडले असते," ती म्हणाली. "चारच दिवस."

भुजंगनं घागर सावलीत सरकवली.

"सोमवारी मी त्यांना वाढलं न्हाई कधी. ताट झाकून ठेवायची नि पाठ करून पडायची. वीस वर्षं, भुजंगा. एकटेच जेवायचे."

तिनं मानेनंच आडाकडं खूण केली. भुजंगनं फडकं सोडलं, घागर दोरानं खाली नेऊन पाण्यावर कलती केली. मासे थोडा वेळ आडवे तरंगले, मग एकामागून एक खाली गेले.

"हे खातात काय?" गंगम्मानं विचारलं.

"भाकरीबी खातात."

ती आत गेली. अर्धी भाकरी ताटात वाढून घेऊन आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि आडाच्या काठावर बसून एकेक घास कुस्करत खाली सोडू लागली.