कोपरा उडालेला धोंडा

अकीकाचे मणी सात, त्यांतले दोन अर्धेच छिद्र पाडलेले. समुद्री शंखाच्या बांगड्यांचे तुकडे एकोणीस. फुटकं जातं एक. तांबूस पट्ट्यांचा, घासून चौकोनी केलेला धोंडा एक, सुपारीएवढा.

एवढं वहीत उतरवलं, तोच भांडण पांढरीवर चढून आलं. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. वालूरजवळची ही पांढर आम्ही चार आठवडे खणत होतो. १९५७ सालचा डिसेंबर होता.

पुढे घोंगड्यांचे व्यापारी व्यंकटराव, मागे कासाबाई. ही धनगराची बाई लोकर कातून दर बाजारी सूत विकायची. पदरात तिने काहीतरी जड धरलं होतं.

"साहेब, तुमच्याकडं खरा काटा हाय म्हनं," व्यंकटराव म्हणाले. "हिचा धोंडा तोला. कोपरा उडालाय बघा. तीस वर्सं ह्याच्यावर अच्छेर म्हनून सूत देती. अर्धा शेर भरंल का ह्यो? लुटायलीय आमाला!"

"धोंडा माझ्या सासूचा हाय," कासाबाई म्हणाली. "ह्याच पांढरीत घावला. मुसळ पडून कोपरा उडाला, तवापास्नं मी दर अच्छेराला चिमूटभर सूत वर टाकते. इचारा ह्यास्नी!"

"चिमटीचं सोड. वजनाचं बोल."

ती माझ्याकडे वळली. "कमी भरला तर तसं सांगा साहेब. मी बाजारात पुन्ना बसनार न्हाई. पर सासूचं माप खोटं हुतं का, तेवढं मला कळू द्या."

तिने पदर सोडला. तोच तांबूस दगड, त्याच पट्ट्या. मी क्षणभर भांडण विसरलो.

"हा दगड आपल्या काळ्या खडकाच्या मुलखातला नाही," मी म्हणालो. "शंखही नाही. फार पूर्वी इथे लांबलांबचे व्यापारी यायचे."

"मंग तवाबी वजनावरनं भांडत असत्याल," कासाबाई म्हणाली.

व्यंकटरावांना हसू आवरेना. त्यांनी पिशवीतून शिक्क्याचा लोखंडी अच्छेर काढला आणि पारड्यात ठेवला. मी दुसऱ्या पारड्यात धोंडा ठेवला. कासाबाईने डोळे घट्ट मिटले.

"वर गेला का?"

व्यंकटराव पारड्यावर वाकले. मी म्हणालो, "खाली गेला."

"म्हंजे?"

"म्हंजे जास्त द्यायलीस तू," व्यंकटराव पुटपुटले. "पहिल्यापास्नं."

कासाबाईने डोळे उघडले, पारड्याकडे पाहिलं आणि एकदम हसत सुटली. "आन् मी येडी कोपऱ्याची भरपाई करायले! सासू वरून बघत असंल तर पोट धरून हसायली असंल." हसता हसताच तिने डोळे पुसले. मग व्यंकटरावांना विचारलं, "पुढल्या बाजारी तुमचं लोखंड आनू का?"

"कशाला उगं?" व्यंकटराव घाईने म्हणाले. "कासाबाई, ह्योच आना की."

धोंडा परत पदरात बांधण्याआधी तिने मला तो पितळी वजनांनी तोलू दिला. उडालेल्या कोपऱ्याचा मेणात साचाही घेऊ दिला. संध्याकाळी वहीत नोंद केली.

कासाबाईचा धोंडा : ४९६.२ ग्रॅम. लोखंडी अच्छेर : ४६६.५. उडालेला कोपरा, साच्यावरून : ४.५. कोपऱ्यासकट धोंडा : ५००.७.

पांढरीतला सुपारीएवढा धोंडा : ६२.६ ग्रॅम. त्याची आठपट : ५००.८.