नोंदीतली ठकी

चष्म्याच्या दुकानात फोन वाजला, की दुकानदार आधी नंबर बघत, आणि तो रुग्णालयाचा असला, की फोन पालथा ठेवून देत. मुलगी गेल्यापासून हे असंच चाललं होतं. आपल्यापैकी कितीतरी जण हेच करतात! माणूस गेलं, की रुग्णालयाशी संबंध संपला, असं आपण धरून चालतो.

मुलीला घरात ठकी म्हणत. तिचा रक्ताचा कर्करोग एकदा बरा होऊन उलटला होता. मग नवं औषध सुरू झालं, रक्त सुधारलं आणि डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. थोड्याच दिवसांत घरीच तिचा मृत्यू झाला. रुग्णालयाला कोणी कळवलं नाही.

शेवटी तिथल्या रुग्णनोंदणी विभागातल्या बाई दुकानातच आल्या. "ठकी कशी आहे, एवढंच विचारायचं होतं."

"आमच्या दुःखाचे आकडे हवेत का तुम्हाला?" दुकानदारांचा आवाज चढला.

बाईंना काय ते कळलं. त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. "काका, फार वाईट झालं. पण आमच्या नोंदीत ती अजून सुधारतेय. हा आजार उलटलेले रुग्ण थोडे, त्यात हे औषध घेतलेले आणखी थोडे. ज्यांना गुण येतो, ते आपणहून सांगायला येतात. ज्यांचं माणूस जातं, ते फोन उचलत नाहीत. मग औषध आहे त्याहून चांगलं दिसतं."

"मग राहू दे की तसंच! कुठंतरी ती बरी आहे ना?"

आतून ठकीची आई आली. "अहो, तिनं स्वतः या नोंदीला होकार दिला होता. आठवतंय? डॉक्टरांना म्हणाली, सगळं लिहा, फक्त माझं वजन सोडून!"

दुकानदारांना हसू आलं आणि पाठोपाठ रडूही कोसळलं.

"तिच्याच वयाची एक मुलगी हेच औषध घेतेय," बाई हळूच म्हणाल्या. "उद्या घरी जाईल. कशावर लक्ष ठेवा म्हणून सांगू तिच्या वडिलांना?"

प्रश्न जिव्हारी लागला. तोही बापच की! दुकानदारांनी शटर अर्धं ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. आधी ताप आला, मग पाय सुजले, मग धाप लागली. शेजारचे डॉक्टर साधा ताप म्हणाले होते.

"पाय सुजले होते?" बाई सावरून बसल्या. "आणखी एका घरातून हेच कळलंय." त्यांनी तिथूनच वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्या मुलीला आणखी काही दिवस ठेवून घ्यायचं ठरलं.

"काका, ठकीचं नाव कुठं बाहेर जाणार नाही. पण नोंद पुरी करायला हवी. काय लिहू?"

"गेली, असं लिहा." हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता.

वाचकहो, बऱ्या झालेल्यांवरून औषधाची अर्धीच ओळख होते. उरलेली अर्धी आपल्यासारख्या घरांत दडून राहते. ती सांगताना जीव तुटतो, हे खरंच. तरी सांगा, कारण कोणाची तरी लेक अजून वॉर्डात आहे.