महाराजांच्या छातीतला शंख

मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गाळ्यात त्या रविवारी कांदा सोडून सगळं होतं. हार, उदबत्त्या, आणि गर्दी एवढी की शिंकायचं तर शेजाऱ्याची परवानगी काढावी. मधोमध उघड्या अंगाने शंखनाथ महाराज. हिंजवडीत कॉम्प्युटरवर अमेरिकेची कामं उरकणाऱ्या आनंदने स्टेथोस्कोपच्या नळीत माइक खोचून चकती त्यांच्या छातीला लावली होती. लाउडस्पीकर गरजत होता : लब-फूऽऽस-डब, लब-फूऽऽस-डब.

"भगवंत शंख फुंकतोय," महाराज म्हणाले. "आता तर सायन्सनेही मान्य केलं. सर्जन कापतात, आम्ही फुंकतो."

उत्तरेश्वररावांचे डोळे पाणावले. शेजारी त्यांच्या पत्नी, सुशीलाबाई. मंगळवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. "अगं, महाराजांचं तीर्थ घे. ऑपरेशन रद्द करून टाकू. आजच फोन करतो."

बाईंचं लक्ष लाउडस्पीकरकडे होतं. नारायण पेठेतल्या डॉक्टर शबनम स्टेथोस्कोप पेशंटच्याच कानात घालून त्याचं हृदय त्याला ऐकवत. बाईंना त्या म्हणाल्या होत्या, "लब-डब हा झडपा मिटल्याचा आवाज. तुमची एक झडप नीट मिटत नाही. तिथून रक्त मागे उसळतं, त्याची ही फूस." लाउडस्पीकरवरचा आवाज बाईंच्या चांगल्याच ओळखीचा निघाला.

"आनंद, आण रे ते इकडे." बाईंनी पदराआडून चकती छातीला लावली.

लब-फूऽऽस-डब.

पुढच्या रांगेतले आप्पासाहेब बाईंच्याच पाया पडले. त्यांच्या मागे रांग लागली.

"उठा आधी. झडप गळकी आहे माझी. त्यात नमस्कार करण्यासारखं काय?" म्हणत बाईंनी चकती नवऱ्याच्या छातीवर टेकवली. लब-डब, लब-डब.

"मला शंख नाही?" उत्तरेश्वरराव हिरमुसले.

"नाही. तुम्ही ठणठणीत आहात."

हशा पिकला. बाई महाराजांकडे वळल्या. "जिना चढताना दम लागतो का हो?"

"लागतो. डोळ्यांपुढे अंधारीही येते," महाराज खालच्या आवाजात म्हणाले. "आम्ही तिला समाधी म्हणतो."

तर मंडळी, आवाज खरा होता, अर्थ बनावट होता. कानांनी ऐकलं म्हणून लगेच डोकं टेकू नये; आधी ते चालवावं. छातीतलं दुखणं देवाच्या नावावर तर मुळीच खपवू नये. उत्तरेश्वररावांनी फोन केला नाही; मंगळवारी ऑपरेशन झालं आणि बाईंची फूस गेली.

त्या रविवारी मात्र गाळा रिकामा झाल्यावर महाराजांनी सदरा चढवत हळूच विचारलं, "बाई, तुमचे डॉक्टर कुठे बसतात?"

"नारायण पेठेत. लवकर जा, नंबर लावावा लागतो. महाराजांसाठी वेगळी रांग नाही."